आवक-जावक: एक्सपीच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये फाइल न्यायची कशी आणि बाहेर काढायची कशी

लग्नपत्रिका, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, दिवाळी अंकाची पाने: छोट्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत ही कामे आजही पेजमेकर या पाने मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरवर होतात. ॲडोबीने पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ मध्ये काढली आणि मोठी आवृत्ती म्हणून ती शेवटचीच ठरली. पण वीस वर्षांचे काम त्याच फॉरमॅटमध्ये पडून आहे, ऑपरेटरचा हात श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या कीबोर्डवर बसला आहे आणि दरवर्षी तोच अहवाल थोडे आकडे बदलून पुन्हा छापायचा असतो. जुना कॉम्प्युटर बसला की नव्या विंडोज ११ वर व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम) टाकायचे आणि त्यात जुनी विंडोज एक्सपी चालवायची, हा मार्ग मग आपोआप निघतो.

एक्सपी सुरू होते, पेजमेकर उघडतो, आणि लगेच प्रश्न येतो: ग्राहकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो आत कसा न्यायचा? तयार झालेली पीडीएफ बाहेर कशी काढायची? हा लेख त्याबद्दल आहे. बाहेरचा खरा कॉम्प्युटर तो होस्ट आणि आतले मशीन तो गेस्ट, हे दोन शब्द पुढे वापरतो.

नेटवर्कने जोडू नका

पहिला विचार बहुतेकांच्या मनात येतो तो दोन मशीन्स नेटवर्कने जोडण्याचा. पूर्वी दुकानात दोन कॉम्प्युटर असेच जोडलेले असायचे, तेव्हा तो साहजिक आहे. पण इथे तो मोडीत काढा. एक्सपीला फाइल शेअरिंगची फक्त जुनी, पहिली एसएमबी भाषा (एसएमबी-वन) येते. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१७ मधल्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट ती नव्या इन्स्टॉलेशनमध्ये घालतच नाही. इंटरनेटवर ‘विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी-वन चालू करा’ असा सल्ला सर्रास मिळतो. त्याने काम होते, हे खरे. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच एसएमबी-वनमधल्या भोकातून. चालू हिशेब, ग्राहकांचे फोन नंबर आणि बँकेचे लॉगिन ज्या कॉम्प्युटरवर आहे, त्यावर हे दार एका जुन्या पेजमेकरसाठी उघडायचे नाही.

एक्सपीचा अधिकृत सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्यामुळे गेस्टला इंटरनेटही नको. फाइलींसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘शेअर्ड फोल्डर’ आहे: होस्टवरचे फोल्डर गेस्टमध्येही दिसते. ते नेटवर्कवरून चालत नाही. गेस्टमध्ये बसवलेला एक ड्रायव्हर थेट व्हर्च्युअलबॉक्सशी बोलतो. ते एक्सपीत नेटवर्क ड्राइव्हसारखे दिसते, पण त्यासाठी नेटवर्क कार्ड लागत नाही. म्हणून मशीन बंद असताना सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर जाऊन ‘एनेबल नेटवर्क ॲडॅप्टर’ची खूण काढून टाका. इंटरनेट बंद आणि फाइलींची ये-जा चालू, असे दोन्ही साधते.

आधी होस्टवर दोन फोल्डर

सरकारी कचेरीत आवक बारनिशी वेगळी असते, जावक बारनिशी वेगळी. आपणही तसेच करू. डी ड्राइव्हवर ‘डीटीपी’ नावाचे फोल्डर करा आणि त्यात ‘आवक’ व ‘जावक’ अशी दोन. नावे इंग्रजी अक्षरांत टाका, मध्ये जागा सोडू नका. देवनागरी नावाचा त्रास काय होतो ते पुढे येईल.

आवकमध्ये ग्राहकाकडून आलेला माल: फोटो, लोगो, मजकूर. गेस्टला हे फोल्डर फक्त वाचता येईल. जावकमध्ये तयार माल: पीडीएफ आणि पेजमेकरच्या फाइलींच्या प्रती. इथे गेस्टला लिहिता येईल. एकच फोल्डर करून त्यात सगळे टाकले तरी तांत्रिकदृष्ट्या चालते. पण गेस्टमध्ये एखादा जुना व्हायरस शिरला (ग्राहकाच्या पेन ड्राइव्हमधून तो येतोच), तर ग्राहकाचे मूळ फोटो तरी त्याच्या हाती लागत नाहीत.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स किंवा अख्खा सी ड्राइव्ह शेअर करू नका. विंडोज ११ मध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पुष्कळदा न विचारताच वनड्राइव्हमध्ये गेलेले असतात. तिथली फाइल यादीत दिसते, पण प्रत्यक्ष डिस्कवर असेलच असे नाही. अशा फोल्डरवर गेस्टने हात टाकला की ती कधी उघडते, कधी अडकते.

गेस्ट ॲडिशन्स

गेस्ट ॲडिशन्स म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सने गेस्टमध्ये बसवायला दिलेले ड्रायव्हर. ते बसवल्याशिवाय शेअर्ड फोल्डर दिसणार नाही. ‘फोल्डर जोडले पण दिसत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असते.

एक्सपी सुरू करा. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीवरच्या ‘डिव्हाइसेस’ मेनूत खालच्या बाजूला ‘इन्सर्ट गेस्ट ॲडिशन्स सीडी इमेज’ आहे, ते निवडा. एक्सपीच्या माय कॉम्प्युटरमध्ये सीडी दिसेल. आपोआप सुरू झाली नाही तर तिच्यावर डबल क्लिक करून विंडोज ॲडिशन्सचा सेटअप चालवा. मधे थ्रीडीचा पर्याय येतो, तो सोडून द्या. पेजमेकरला त्याचा काही उपयोग नाही. ड्रायव्हरने विंडोजची लोगो चाचणी पार केलेली नाही असा इशारा आला, तर ‘कंटिन्यू एनीवे’ दाबा. शेवटी रीस्टार्ट.

पुन्हा सुरू झाल्यावर माउस खिडकीतून आत-बाहेर सहज जाऊ लागला आणि खिडकी मोठी केल्यावर एक्सपीचा स्क्रीनही मोठा झाला, तर ॲडिशन्स बसल्या असे समजा. माउस अजून आत अडकत असेल तर उजवीकडचे कंट्रोल बटण दाबून तो सोडवा आणि सेटअप पुन्हा चालवा.

नव्या व्हर्च्युअलबॉक्ससोबत आलेली सीडी एक्सपीवर चढायला नकार देत असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सच्या साइटवर जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या आहेत. त्यातली जुनी गेस्ट ॲडिशन्स आयएसओ (सीडीची फाइलच्या रूपातली प्रत) होस्टवर उतरवून डिव्हाइसेस, ऑप्टिकल ड्राइव्ह्ज या वाटेने घाला. होस्टची आणि गेस्टची आवृत्ती जुळलेली असणे उत्तम, पण जुन्या ॲडिशन्सवरही शेअर्ड फोल्डर साधारणपणे चालते.

फोल्डर जोडणे

१. मशीन पूर्ण बंद करा. व्हर्च्युअलबॉक्सच्या मुख्य खिडकीत ते निवडून सेटिंग्ज उघडा आणि ‘शेअर्ड फोल्डर्स’वर या. नव्या आवृत्तीत हे पान सापडत नसेल तर वरती बेसिकऐवजी एक्स्पर्ट निवडा.

२. उजवीकडच्या अधिक चिन्हाच्या फोल्डरवर क्लिक करा. ‘फोल्डर पाथ’मध्ये डी ड्राइव्हवरचे आवक दाखवा. ‘फोल्डर नेम’ आपोआप भरेल. गेस्टला हेच नाव दिसणार आहे, म्हणून ते छोटेच ठेवा.

३. ‘रीड-ओन्ली’वर खूण करा. ‘ऑटो-माउंट’वरही करा. ‘माउंट पॉइंट’च्या रकान्यात इंग्रजी एक्स आणि पुढे विसर्गचिन्ह, म्हणजे कोलन, टाका. हा रकाना रिकामा सोडला तर व्हर्च्युअलबॉक्स झेडपासून उलटे जात मिळेल ते अक्षर देतो.

४. तसेच जावक जोडा. फक्त रीड-ओन्लीची खूण नको आणि माउंट पॉइंटला वाय आणि कोलन.

चालू मशीनला फोल्डर जोडायचे असेल तर डिव्हाइसेस मेनूतूनही हेच पान उघडते. तिथे ‘मेक परमनंट’ असा जादा चौकोन असतो. त्यावर खूण केली नाही तर मशीन बंद होताच जोडणी जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेटर विचारतो की कालचे फोल्डर कुठे गेले.

आता एक्सपी सुरू करा. माय कॉम्प्युटरमध्ये एक्स आणि वाय हे दोन नवे ड्राइव्ह दिसायला हवेत. दिसले नाहीत तर टूल्स मेनूतून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ घ्या, ड्राइव्हचे अक्षर निवडा आणि पत्ता असा टाइप करा: दोन बॅकस्लॅश, मग व्ही, बी, ओ, एक्स, एस, व्ही, आर ही सात अक्षरे सलग, मग एक बॅकस्लॅश आणि फोल्डरचे नाव. ‘रीकनेक्ट ॲट लॉगऑन’वरची खूण राहू द्या.

तपासणी दोन मिनिटांची आहे. होस्टवरून आवकमध्ये एक फोटो टाका आणि एक्सपीत एक्स ड्राइव्ह उघडा. नसेल दिसत तर एफ-फाइव्ह दाबा, कारण यादी स्वतःहून ताजी होईलच असे नाही. आता एक्सपीतून तो फोटो पुसायचा प्रयत्न करा. नकार आला तर रीड-ओन्ली बरोबर लागले आहे. मग एक्सपीच्या नोटपॅडमध्ये दोन शब्द लिहून ते वाय ड्राइव्हवर सेव्ह करा आणि होस्टवर जावकमध्ये उघडून पाहा.

पेजमेकरचे काम सी ड्राइव्हवरच

ड्राइव्ह दिसू लागले की थेट एक्सवरून फोटो पानात प्लेस करायचा मोह होतो. करू नका. पेजमेकर मोठ्या चित्राचा पूर्ण पत्ता लक्षात ठेवतो आणि छपाईच्या वेळी त्या पत्त्यावर जाऊन चित्र शोधतो. सहा महिन्यांनी आवक साफ झालेले असते, फाइल उघडली की चित्र हरवल्याची खिडकी येते. प्रत्येक कामासाठी गेस्टच्या सी ड्राइव्हवर एक फोल्डर करा, आवकमधून फोटो तिथे कॉपी करा आणि तिथूनच प्लेस करा. पेजमेकरची फाइलही त्याच फोल्डरमध्ये. जुन्या कामात कोणते चित्र कुठून येते हे फाइल मेनूतल्या ‘लिंक्स मॅनेजर’मध्ये दिसते.

आता देवनागरी नावांचे. एक्सपी स्वतः युनिकोड (सगळ्या लिप्यांना चालणारी आजची अक्षरपद्धत) नाव ठेवू शकते, पण पेजमेकर युनिकोडच्या आधीच्या जमान्यातला. ग्राहकाने ‘मुखपृष्ठ अंतिम’ अशा नावाचा फोटो पाठवला तर एक्सप्लोररमध्ये तो दिसेल (एक्सपीत भारतीय लिप्यांचा सपोर्ट चालू नसेल तर चौकोन दिसतील), पण पेजमेकरच्या खिडकीत नावाच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि फाइल उघडत नाही. उपाय सरळ आहे: आवकमध्ये टाकतानाच नाव इंग्रजी अक्षरांत करा. व्हॉट्सॲपच्या लांबलचक नावांनाही हाच न्याय लावा.

याहून जास्त वेळ खाते ते मजकुराचे. ग्राहक मोबाइलवर टाइप केलेला युनिकोड मजकूर पाठवतो. तो पेजमेकरमध्ये चालत नाही. क्लिपबोर्डने थेट पेस्ट केला तर प्रश्नचिन्हांची रांग उमटते. म्हणून होस्टवर कन्व्हर्टरने तो श्रीलिपीच्या किंवा आयएसएमच्या कोडमध्ये बदलतात. बदललेला मजकूर होस्टवर विचित्र इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो, आणि तसाच दिसायला हवा. तो नोटपॅडमध्ये पेस्ट करून आवकमध्ये सेव्ह करताना चूक होते. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० पासून नोटपॅड आपल्या मनाने यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतो. जुन्या फॉन्टची निम्मी अक्षरे त्यात एकाची दोन होतात. पेजमेकरमध्ये फाइल घेतली की काही शब्द बरोबर, काहींच्या मधे भलतेच जोडाक्षर. लोक कन्व्हर्टरला शिव्या देत बसतात. ‘सेव्ह ॲज’मध्ये खाली ‘एन्कोडिंग’ असते, तिथे ‘एएनएसआय’ निवडा. एवढ्यावर बहुधा भागते.

बाहेर जाताना पीडीएफची काळजी घ्या. ती आधी सी ड्राइव्हवर तयार करा, नंतर वायवर कॉपी करा. होस्टवर ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स या वाटेने जा आणि प्रत्येक मराठी फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ लिहिलेले आहे का पाहा. हे फॉन्ट फक्त गेस्टमध्ये आहेत. ते पीडीएफमध्ये उतरले नसतील तर होस्टवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल, आणि छपाईची प्लेट काढणाऱ्याकडेही तोच दिसेल. म्हणून जुने फॉन्ट होस्टवर टाकू नका असे माझे मत आहे. टाकले की तुमच्या स्क्रीनवर सगळे छान दिसते आणि गफलत प्लेट निघाल्यावर कळते.

पुसलेले आणि मागे गेलेले

जावकमधली फाइल गेस्टमधून डिलीट केली तर ती एक्सपीच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, होस्टच्याही नाही. गेली ती गेली. साफसफाई होस्टवरूनच करा.

दुसरा धोका स्नॅपशॉटचा, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या साठवलेल्या प्रतीचा. एक्सपी नीट चालू असताना स्नॅपशॉट घेऊन ठेवणे ही चांगली सवय. बिघडले की त्यावर परत जाता येते. पण परत जाताना गेस्टच्या सी ड्राइव्हवर त्यानंतर केलेले सगळे काम पुसले जाते. शेअर्ड फोल्डर होस्टच्या डिस्कवर असल्याने स्नॅपशॉटच्या बाहेर राहते. यातूनच रोजचा शिरस्ता ठरतो: संध्याकाळी मशीन बंद करण्याआधी त्या दिवशीच्या कामाची अख्खी फोल्डरे वायवर कॉपी करायची. होस्टचा बॅकअप होत असेल तर त्यात जावकही आले.

इतर वाटा, केव्हा कामाच्या

गेस्ट ॲडिशन्स बसायच्या आधीच पेजमेकरचा किंवा फॉन्टचा सेटअप आत न्यायचा असेल तर आयएसओ करा. होस्टवर इम्गबर्नसारख्या (ImgBurn) मोफत प्रोग्रॅमने फोल्डरची आयएसओ बनवायची आणि ऑप्टिकल ड्राइव्ह्जमधून गेस्टला द्यायची. गेस्टला ती खरी सीडीच वाटते. कोणताही ड्रायव्हर लागत नाही, अगदी विंडोज ९८ सुद्धा ती वाचते. मात्र ही एकेरी वाट आहे, बाहेर काही आणता येत नाही.

पेन ड्राइव्ह गेस्टला देता येतो, पण शेअर्ड फोल्डर असताना त्याची गरज क्वचितच. यूएसबीची खरी गरज पडते डोंगलला, म्हणजे सॉफ्टवेअर उघडणाऱ्या यूएसबी किल्लीला, कारण जुन्या मराठी सॉफ्टवेअरांपैकी काही त्याशिवाय उघडतच नाहीत. सेटिंग्जमध्ये यूएसबीच्या पानावर कंट्रोलर २.० ठेवा, कारण ३.० चा ड्रायव्हर एक्सपीकडे नाही. व्हर्च्युअलबॉक्स ७.० च्या आधीच्या आवृत्तीत २.० साठीही वेगळा एक्स्टेन्शन पॅक लागतो. डोंगल होस्टला लावून त्याच पानावर त्याचे फिल्टर जोडा, म्हणजे मशीन सुरू होताच ते आत जाईल. आत गेलेले यूएसबी उपकरण होस्टवरून नाहीसे होते, तेव्हा त्या यादीत चुकून कीबोर्ड किंवा माउस निवडू नका.

ड्रॅग अँड ड्रॉपवर विसंबू नका. कधी चालते, कधी अर्ध्यात थांबते. क्लिपबोर्ड इंग्रजी मजकुरापुरता बरा. तो ‘बायडायरेक्शनल’ न ठेवता ‘होस्ट टू गेस्ट’ ठेवला तरी पुरते.

एक्सपी नसेल तर

गेस्ट विंडोज ७ असेल तर वरचे जवळजवळ सगळे जसेच्या तसे लागू आहे.

गेस्ट उबंटू किंवा मिंट हे लिनक्स असेल तर ऑटो-माउंट केलेले फोल्डर ‘मीडिया’ या डिरेक्टरीत दिसते आणि त्याच्या नावाआधी एस, एफ आणि अंडरस्कोर लागते. उघडायला गेले की परवानगी नाही म्हणते. कारण ते व्ही, बी, ओ, एक्स, एस, एफ या सहा अक्षरांच्या ग्रुपचे असते आणि तुम्ही त्या ग्रुपमध्ये नसता. टर्मिनलमध्ये सुडो, ॲडयूजर, तुमचे युजरनेम आणि त्या ग्रुपचे नाव, मध्ये एकेक जागा सोडून लिहा. मग लॉगआउट करून परत या. नुसते टर्मिनल बंद करून उघडल्याने हा बदल लागू होत नाही.

व्हर्च्युअलबॉक्ससारखाच दुसरा प्रोग्रॅम, व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो, नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना मोफत झाला. त्यात ही सोय मशीनच्या सेटिंग्जमध्ये ऑप्शन्सच्या टॅबवर ‘शेअर्ड फोल्डर्स’ नावानेच आहे आणि त्यासाठी आत व्हीएमवेअर टूल्स बसवावी लागतात. हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या तशाच सोयीत असे शेअर्ड फोल्डर नाही. तिथे एन्हान्स्ड सेशनने जोडताना ‘शो ऑप्शन्स’, ‘लोकल रिसोर्सेस’, ‘मोअर’ असे जाऊन होस्टचा ड्राइव्ह निवडायचा असतो, आणि ही सोय विंडोज ८.१ आणि त्यापुढच्या गेस्टना मिळते. एक्सपीला ती मिळत नाही, म्हणून पेजमेकरच्या कामाला हायपर-व्ही घेऊ नका.